स्वच्छतेची पाहणी की खोलीची झडती?

पावसाळा सुरू झाला, की नाशिक रोडच्या फलाटावर आणि शहरातील बसस्थानकांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. खांद्यावर बॅग, काखेत गादीची वळकटी आणि हातात नवी कोरी बादली घेतलेली मुलेमुली शहरात उतरतात. कोणी सुरगाणा-कळवणचे असते, कोणी चाळीसगाव-धुळ्याकडचे, तर कोणी नंदुरबार-शहाद्याचे. पंधरवड्यात त्यांना कुठे तरी एक कॉट मिळते, महिन्याभरात मैत्री जमते आणि गणपतीच्या सुमारास व्यवस्थापनाशी पहिला खटका उडतो. रविवारी सकाळी दारावर थाप पडते. रेक्टर किंवा घरमालकाचा व्यवस्थापक वही घेऊन उभा असतो. मुले अंथरुणातून उठतात न उठतात तोच तो आत येतो, कॉटखाली वाकून पाहतो, कपाट उघडायला लावतो, न्हाणीघरात डोकावतो आणि नावापुढे फुली मारून निघून जातो. महिनाअखेरीस त्या फुलीचे रुपये होतात.

प्रसंग लहान आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. पालकांना वाटते, मुलांना शिस्त लागते आहे. मुलांना वाटते, आपण भाडे भरूनही कैदी आहोत. व्यवस्थापनाला वाटते, मुलांना फुकटचे लाड हवे आहेत. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असल्यामुळे वाद मिटत नाही, तो पुढच्या वर्षीच्या मुलांकडे वारशाने जातो. वास्तविक या वादाच्या मुळाशी एक सरळ प्रश्न आहे. जी खोली एकाची मालमत्ता आणि दुसऱ्याचे घर आहे, तिच्यात मालमत्तेच्या हक्काने किती शिरावे आणि घराच्या हक्काने किती अडवावे?

बोर्डिंगपासून व्यवसायापर्यंत

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. मराठा विद्या प्रसारक समाज आणि उदोजी मराठा बोर्डिंग यांचा आरंभ १९१४ चा. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाल्याशिवाय तो शिकू शकणार नाही, हे त्या पिढीतील कर्त्या माणसांनी ओळखले होते. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ पासून जी वसतिगृहांची चळवळ उभी केली, तिचेच हे नाशिकमधील रूप होते. पुढे १९२४ मध्ये हंप्राठा महाविद्यालय, १९६९ मध्ये केटीएचएम महाविद्यालय आणि १९९८ मध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ अशी भर पडत गेली. अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या संस्था पंचवटी, आडगाव, महिरावणीपर्यंत पसरल्या. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, संस्थांच्या वसतिगृहांची क्षमता मात्र त्या वेगाने वाढली नाही. ती पोकळी कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि म्हसरूळच्या बंगल्यांनी व सदनिकांनी भरून काढली. एका दिवाणखान्यात चार कॉट, प्रत्येक कॉटचे वेगळे भाडे, वेगळी अनामत.

या बदलाचा अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. बोर्डिंग ही समाजाच्या वर्गणीवर चालणारी संस्था होती, आजची खोली ही विकत घेतलेली सेवा आहे. करव्यवस्थेनेही ती सेवा म्हणूनच ओळखली आहे. शैक्षणिक संस्थांबाहेरील वसतिगृहांत दरमहा माणशी वीस हजार रुपयांपर्यंतच्या आणि किमान नव्वद दिवस सलग असलेल्या निवासाला सूट द्यावी, अशी शिफारस वस्तू व सेवा कर परिषदेने जून २०२४ मध्ये केली. सूट मिळाली तरी तत्त्व स्पष्ट झाले. विद्यार्थी हा येथे ग्राहक आहे. परंतु पाहणीची पद्धत मात्र बोर्डिंगच्या काळातीलच राहिली. अधिकार बोर्डिंगचा आणि दर बाजाराचा, अशी ही सोयीस्कर सांगड आहे.

बोर्डिंगमधील पाहणीला नैतिक बळ कोठून येत होते, हेही पाहण्यासारखे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत. तेथील शिस्त कडक होती, पण ज्याच्या हाती वही होती त्याच्याच हाती प्रसंगी झाडूही असे. त्याच भाऊरावांचा विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार सांगतात. कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले होते. परतल्यावर त्यांना स्नान करण्यास सांगण्यात आले, त्यांनी ते नाकारले आणि त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. स्वच्छतेच्या नियमाच्या पोटात कधी कधी दुसराच नियम दडलेला असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

व्यवस्थापनाची बाजू

व्यवस्थापनाची बाजू मात्र कमकुवत नाही. चार मुलांची खोली एक महिना कोणी पाहिली नाही तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे तो पाहणीला सरसकट विरोध करणार नाही. डब्यातले उरलेले अन्न दोन दिवस खिडकीत राहते, केसांनी मोरी तुंबते, ओले टॉवेल कॉटच्या दांडीवर कुबट वास धरतात, चोरून आणलेल्या विजेच्या शेगडीने वायर तापते. चौघांपैकी एकाचा गलथानपणा उरलेले तिघे निमूटपणे सोसतात, कारण तक्रार करावी तर मैत्री तुटते. अशा वेळी बाहेरच्या माणसाने येऊन पाहणे, हे त्या तिघांच्याही हिताचेच असते.

शिवाय प्रश्न आरोग्याचा आहे. २०२४ च्या पावसाळ्यात नाशिकमध्ये डेंग्यूच्या रुग्णांची संख्या वाढली होती. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. तो बादलीत, पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून कोरडे करणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. म्हणजे साप्ताहिक पाहणीला शास्त्रीय आधार आहे. पण या कारणासाठी पाहणी करायची तर प्रथम गच्चीवरची टाकी, तिचे झाकण आणि गळका पाइप पाहावा लागेल. त्या गोष्टी विद्यार्थ्यांच्या ताब्यात नाहीत. नेमकी याच ठिकाणी वही बंद होते. कॉटखालची धूळ दिसते, गच्चीवरची टाकी दिसत नाही.

पुण्याच्या प्लेगचा धडा

हेतू चांगला असूनही पद्धत चुकली तर काय घडते, हे महाराष्ट्राने एकदा मोठी किंमत देऊन पाहिले आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रोग खरा होता आणि घरांची तपासणी करण्याची गरजही खरी होती. परंतु रँडसाहेबाच्या अमलात गोरे सोल्जर घराघरांत शिरले, सामानसुमान बाहेर टाकले गेले, बायकामाणसांच्या संकोचाची पर्वा केली गेली नाही. परिणाम असा झाला, की लोक रोगी लपवू लागले. जी तपासणी रोग शोधण्यासाठी होती, तिनेच रोग दडविण्याची सवय लावली. पुढे २२ जूनच्या रात्री जे घडले ते सर्वश्रुत आहे.

वसतिगृहाची रविवारची पाहणी आणि पुण्याची ती झडती यांची तुलना प्रमाणाच्या दृष्टीने होऊ शकत नाही. पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच आहे. अपमानाच्या भीतीने मुले शेगडी कपड्यांखाली लपवितात, खरकटा डबा कपाटात ठेवून कुलूप लावतात, शनिवारी रात्री कचरा शेजारच्या खोलीबाहेर सरकवितात. वहीत फुल्या कमी होतात, घाण तेवढीच राहते. पाहणी यशस्वी झाल्याचा भास मात्र निर्माण होतो.

मुलींच्या वसतिगृहांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे स्वच्छतेच्या नावाखाली खोलीबरोबर शरीराचीही चौकशी होऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेतील भूज येथे एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील साठाहून अधिक मुलींना मासिक पाळी तपासण्यासाठी अंतर्वस्त्रे उतरवायला लावण्यात आली. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींची तशीच तपासणी झाली आणि पोलिसांना अटक करावी लागली. हे अपवाद आहेत, असे म्हणून सुटता येणार नाही. पाहणी कशाची, कुठपर्यंत आणि कोणी करायची, याची मर्यादा लिहून ठेवलेली नसली की ती मर्यादा पाहणाऱ्याच्या मर्जीवर राहते. या घटना त्या मर्जीचे शेवटचे टोक होत.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ मध्ये एक छोटी पण महत्त्वाची तरतूद आहे. भाड्याने किंवा परवान्यावर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क आहे, मात्र ती वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आगाऊ सूचना देऊन केली पाहिजे. या एका वाक्यात दोन्ही पक्षांचे न्याय्य म्हणणे सामावले आहे. मालकाला पाहू देणार नाही, असे विद्यार्थ्याला म्हणता येत नाही आणि केव्हाही येऊन पाहीन, असे मालकाला म्हणता येत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना भाडेकरू कायद्यात ही सूचना लेखी, चोवीस तास आधी आणि कारण व वेळ नमूद करून द्यावी, असे म्हटले आहे. सरकारी किंवा संस्थेच्या वसतिगृहातील खोली या कायद्यांच्या कक्षेत येते की नाही, यावर वकील वाद घालू शकतील. परंतु व्यवसाय म्हणून खोली देणाऱ्या घरमालकाने जो शिष्टाचार पाळायचा, तो शिक्षणसंस्थेने पाळू नये, असे कोणी म्हणणार नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. वसतिगृहात मोबाइल वापरण्यावरील निर्बंध न पाळल्यामुळे बाहेर काढलेल्या विद्यार्थिनीला परत प्रवेश द्यावा, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. वसतिगृहाचा उंबरठा ओलांडताना विद्यार्थी आपले नागरिकत्व बाहेर ठेवून येत नाही, असा याचा अर्थ आहे.

दंडाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या वादात सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे दंड. नियम मोडला की पन्नास रुपये, पुन्हा मोडला की शंभर, आणि वर्षअखेरीस अनामतीतून वजावट. येथे दंड ठरविणारा, तो लावणारा आणि तो खिशात घालणारा एकच असतो. अशा न्यायाधीशाचा निकाल निःपक्षपाती असला तरी तो तसा वाटणार नाही. भिंतीचा रंग उडणे, नळाचा वॉशर झिजणे, गादीचा कापूस दबणे ही वापराची स्वाभाविक झीज आहे आणि तिची भरपाई भाड्यात आधीच होत असते. तीच अनामतीतून पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच मालाची दोनदा किंमत घेणे होय.

दंडाने शिस्त लागते, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांवर केलेला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशिरा येणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढली, आणि दंड रद्द केल्यावरही ती खाली आली नाही. पूर्वी पालकांना उशिराची लाज वाटत होती. दंड सुरू झाल्यावर लाजेची जागा किमतीने घेतली. वसतिगृहातील पैसेवाला मुलगा पन्नास रुपये टाकून नेमका हाच व्यवहार करतो, आणि ज्याचा बाप कांद्याच्या भावावर संसार चालवितो त्या मुलाला मात्र तेच पन्नास रुपये जड जातात. एकच दंड एकाला परवाना आणि दुसऱ्याला शिक्षा होतो.

मग उपाय कोणता? तो शोधायला दूर जाण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागात मोसम व आरम नद्यांवर आणि धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधाऱ्याचे पाणी साऱ्यांचे, म्हणून ते कोणी अधिक घेऊ नये यासाठी पाटकरी आणि पिकांवर लक्ष ठेवण्यासाठी जागल्या असे. ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमलेली आणि शेतकऱ्यांनाच उत्तर देणारी असत. सामाईक वस्तूंच्या व्यवस्थेचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या निष्कर्षांचा गाभाही हाच होता. नियम घडविण्यात वापरणाऱ्यांचा हात असावा, देखरेख करणारा त्यांना उत्तरदायी असावा आणि शिक्षा पायरीपायरीने वाढावी. वसतिगृहाचे न्हाणीघर आणि मोसमचा पाट यांत तत्त्वतः फारसा फरक नाही.

वही दोन्ही बाजूंची हवी

आजच्या व्यवस्थेत पाहणी वरून खाली रोज जाऊ शकते, तक्रार खालून वर मात्र सहजासहजी जात नाही. जुलै २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील विद्यार्थी, भोजनाऐवजी खात्यावर पैसे जमा करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध, पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडविले. त्यांच्या मागणीच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकतात. पण कॉटखालची धूळ तपासायला गृहपालाला दहा पावले चालावी लागतात आणि ताटातल्या जेवणाविषयी बोलायला विद्यार्थ्याला दोनशे किलोमीटर चालावे लागते, हे अंतर कोणालाही विचार करायला लावील.

ते कमी करणे अवघड नाही. पाहणीचा दिवस आणि वेळ आधी फलकावर लागावी. पाहायच्या आठ-दहा बाबी सत्राच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींबरोबर बसून लिहून काढाव्यात. पाहणी करताना खोलीतील किमान एक जण हजर असावा, कपाट व पेटी वगळावी, आणि मुलींच्या खोलीत स्त्री कर्मचारीच असावी. आग, गळती किंवा आजारपण अशा आणीबाणीत अर्थातच सूचनेची वाट पाहू नये, मात्र नंतर तशी नोंद व्हावी. त्याच वहीच्या समोरच्या पानावर टाकी केव्हा धुतली, मोरी केव्हा साफ केली, तुटलेली कडी किती दिवसांत बसविली, याची नोंद असावी आणि तिच्याखाली विद्यार्थ्याची सही असावी. प्रथम समज, मग सफाईचे काम, आणि अगदी शेवटी दंड असा क्रम असावा. दंडाची रक्कम मालकाच्या हिशेबात न जाता झाडू, फिनेल आणि बादल्यांच्या सामाईक निधीत जावी.

विद्यार्थ्यांनीही एक गोष्ट स्वतःला विचारली पाहिजे. या वादात एक तिसरा पक्ष आहे आणि त्याचे नाव कोणत्याच वहीत नसते. सकाळी सहाला येऊन संडास धुणाऱ्या मावशींना विद्यार्थी आणि रेक्टर दोघेही काम सांगतात, पण पाहणीच्या नियमांविषयी दोघांपैकी कोणीही त्यांना विचारीत नाही. आपल्या खासगीपणासाठी भांडणाऱ्या मुलाने आपले खरकटे दुसऱ्याने उचलावे, असे गृहीत धरले तर त्याच्या भांडणातले अर्धे बळ निघून जाते. गाडगेबाबा गावात शिरल्यावर आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन नंतर करीत. नाशिकमध्ये त्यांच्या नावाची धर्मशाळा अजून उभी आहे.

येत्या हंगामात पुन्हा मुले येतील, नव्या बादल्या येतील आणि एखाद्या रविवारी पुन्हा दारावर थाप पडेल. थाप पडण्याला कोणाची हरकत नाही. दार आतून उघडले जाईपर्यंत बाहेरच्याने थांबावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि आतून दार उघडणाऱ्याने बाहेरच्याला विचारावे, ‘टाकी केव्हा धुतली?’